दोनशे ग्रॅम पोलाद, दहा लाख पावलं

साठ किलो वजनाची एक बाई सपाट रस्त्याने आपल्या चालीने चालली आहे. तिच्या खुब्यावर दर पावलाला किती भार येत असेल? बहुतेक जण साठ किलो म्हणतात. थोडा विचार करणारे तीस म्हणतात, कारण पाय दोन आहेत. खरं उत्तर एकशे चाळीस किलोच्या वर जातं.

हा अंदाज नाही, मोजमाप आहे. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या कृत्रिम खुब्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली. रुग्ण चालायचे, जिना चढायचे, खुर्चीतून उठायचे आणि मांडीच्या आतून आकडे बिनतारी बाहेर यायचे. ताशी ४ किलोमीटरने चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २३८ टक्के भार येत होता. जिना चढताना २५१ टक्के, उतरताना २६० टक्के. एका पायावर उभं राहिलं की धड दुसऱ्या बाजूला कलू पाहतं. ते सावरायला कमरेच्या बाजूचे स्नायू आवळले जातात, आणि ते सांध्याच्या इतके जवळ आहेत की त्यांना वजनापेक्षा जास्त जोर लावावा लागतो. हा जोर आणि वजन, दोन्ही सांध्यातून खाली उतरतात. गुडघ्याचीही गत वेगळी नाही. चालताना अडीच पटीच्या थोडं वर, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट.

रावेर-यावलकडे केळीचा वीस किलोचा घड डोक्यावर घेऊन बांधावरून चाललेल्या माणसाच्या खुब्यावर फक्त वीस किलो वाढत नाहीत, पन्नासच्या आसपास वाढतात.

आणि ठेच लागली तर? बेर्गमान यांच्या एका रुग्णाचा मोजणी चालू असताना तोल गेला. तो पडला नाही, फक्त अडखळला. तेवढ्या क्षणात भार वजनाच्या आठ पटींच्या पुढे गेला. साठ किलोच्या बाईच्या बाबतीत हा जवळपास अर्धा टन होतो.

आता हे वर्षभरावर नेऊ. सांधेबदलाच्या दुनियेत एक ढोबळ हिशेब चालतो: एका पायाची वर्षाला दहा लाख आवर्तनं. टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक आवर्तन. कृत्रिम सांधा बसवलेल्या माणसांच्या पायाला मोजणी-यंत्रं बांधून पाहिलं, तेव्हाही आकडा साधारण इथेच आला. एका आवर्तनाला वयस्क बाई सव्वा मीटरच्या आत-बाहेर अंतर कापते. थोडं कमीच, वर्षाला अकराशे किलोमीटर धरू. जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळ्यावरून, साधारण ९५ किलोमीटर. म्हणजे घर, अंगण, देऊळ, किराणा एवढ्यातच फिरणारी बाई वर्षाला जळगाव-धुळ्याच्या जवळपास सहा फेऱ्या जाऊन-येऊन करते. तेवढ्यात तिचा एक खुबा दहा लाख वेळा वजनाच्या साधारण २.४ पट, म्हणजे १४४ किलो झेलतो. बेरीज १,४४,००० टन. भुसावळच्या यार्डातून जाणारी भरलेली मालगाडी सरासरी साडेतीन हजार टन माल नेते असं धरलं, तर ४१ मालगाड्या. भौतिकशास्त्राचे शिक्षक इथे हरकत घेतील की भाराची अशी बेरीज करत नाहीत. हरकत रास्त आहे. पण धातूला थकवणारी गोष्ट हीच: एकदाच आलेला मोठा भार नव्हे, तोच मध्यम भार लाखो वेळा.

धडधाकट हाडाला हे काहीच वाटत नाही, कारण ते रोज झिजतं आणि रोज भरून निघतं. धातूला ती सोय नाही. म्हणूनच नवा खुबा माणसाच्या शरीरात जाण्याआधी झिजेच्या चाचणीत यंत्रावर पन्नास लाख आवर्तनं फिरवला जातो. दर आवर्तनाला भाराचं टोक ३,००० न्यूटनपर्यंत, म्हणजे तीनशे किलोच्या थोडं वर. पाच वर्षांचं चालणं एका यंत्रात.

सांधा टिकतो. मोडतं ते त्याच्या शेजारचं हाड.

कृत्रिम खुब्याचा स्टेम, म्हणजे दांडा, मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून किंवा सिमेंटने पक्का केलेला असतो. हाडाची ताठरता एक मानली तर टायटॅनियम सहा पट ताठ, पोलाद दहा-अकरा पट, कोबाल्ट-क्रोम बारा पट. वरचा भाग धातूमुळे वाकायला तयार नाही, खालचं हाड मात्र अजून वाकतं. स्टेमचं टोक जिथे संपतं तिथे हा बदल एकदम होतो, आणि पडल्यावर मोडायची जागा बहुधा तीच. गुडघ्याच्या बाबतीत धातूची टोपी हाडाच्या खालच्या टोकावर बसलेली असते, म्हणून मोड तिच्या लगेच वर येते. त्यात पाळी गेल्यानंतर विरळ होत गेलेलं हाड.

पडण्याचे आकडे तर आणखी विचित्र आहेत. साठ किलोची बाई मोरीत पाय घसरून आडवी झाली तर तिचा गुरुत्वमध्य पाऊण मीटर खाली येतो, आणि सुमारे ४४० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. प्रयोगशाळेत वृद्धांची मांडीची हाडं मोडून पाहिली तेव्हा ५ ते ५१ ज्यूल पुरले होते. म्हणजे साध्या पडण्यात हाड मोडायला लागते त्याहून किमान आठ पट ऊर्जा असते. तरी दर पडण्याला हाड मोडत नाही, कारण हात पुढे जातात, गुडघे दुमडतात, स्नायू आवळतात, कमरेवरची चरबी गादीचं काम करते. सत्तरीनंतर हात पुढे जायला उशीर होतो आणि गादीही पातळ झालेली असते.

बदललेल्या सांध्याशेजारचं हाड किती जणांचं मोडतं? सर्वांत भरवशाचा आकडा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा आहे. चाळीस वर्षांतले ३२,६४४ पहिल्यांदा बदललेले खुबे त्यांनी तपासले. शस्त्रक्रिया चालू असतानाच १.७ टक्क्यांचं हाड चिरलं होतं. नंतरच्या काळात मोडण्याची शक्यता वाढत वाढत वीस वर्षांत ३.५ टक्क्यांवर गेली. स्वीडनने १९७९ ते २००० मधल्या अशा १,०४९ मोडी एकत्र अभ्यासल्या. त्यांची मोठी शिकवण म्हणजे मोडण्याच्या वेळी पुष्कळांचा स्टेम आधीच सैल झालेला होता, आणि तो घट्ट समजून प्लेट टाकलेल्यांच्या प्लेटा फसल्या होत्या. १९९५ मध्ये डंकन आणि मसरी यांनी मांडलेलं व्हँकुव्हर वर्गीकरण जगभर वापरलं जातं, ते याचमुळे. त्यातला खरा प्रश्न ‘कुठे मोडलं’ एवढाच नसतो, ‘स्टेम घट्ट आहे का’ हाही असतो. घट्ट असेल किंवा मोड त्याच्या बरीच खाली असेल, तर प्लेट. सैल असेल तर लांब स्टेम घालून सांधाच बदलायचा. तिथे नुसती प्लेट टाकली तर पैसा, रक्त आणि महिने वाया.

आपल्याकडे मात्र चित्र उलटं आहे. पाश्चात्त्य देशांचे बरेच आकडे खुब्याचे आहेत आणि भारतात गुडघे कितीतरी जास्त बदलले जातात. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा एक गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये दुसरा. त्या दिवसांत पारावरसुद्धा गुडघ्याच्या वाट्यांची चर्चा होती. मग १६ ऑगस्ट २०१७ ला केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा गुडघा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. त्या वेळी सरकारने सांगितलं होतं की देशात वर्षाला एक ते दीड लाख गुडघे बदलले जातात. नुसता त्या वेळचा वेग दहा वर्षं कायम धरला तरी दहा ते पंधरा लाख गुडघे होतात. गुडघ्याच्या वर हाड मोडण्याचं प्रमाण वैद्यकीय साहित्यात ०.३ ते २.५ टक्के दिलेलं असतं. पंधरा लाखांवर ते ४,५०० ते ३७,५०० माणसं होतात. एवढी रुंद पट्टी पाहून चिडचिड होते, पण खरेपणा तिच्यातच आहे. हाड किती विरळ, माणूस किती हिंडता-फिरता, यावर सगळं अवलंबून.

आता दुर्बीण खान्देशावर धरू. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ आणि धुळ्याची २०,५०,८६२. मिळून ६२ लाख ८० हजार. राज्यात साठीच्या पुढचे दहा टक्क्यांच्या किंचित आत होते. तेच प्रमाण इथे लावलं तर सव्वासहा लाखांच्या आत-बाहेर. त्यांतल्या दोनशेत एकाचा सांधा बदललेला आहे असं नुसतं धरून चालू. ही माझी बेतलेली संख्या आहे, कुणी मोजलेली नाही. मग साधारण ३,१०० माणसं. त्यांना मेयोचा वीस वर्षांचा साडेतीन टक्क्यांचा हिशेब लावला तर १०८ मोडी. वर्षाला पाच-सहा.

पाच-सहा! संपूर्ण देशात हजारोंचा आकडा, आणि दोन जिल्ह्यांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावात २०१८ मध्ये सुरू झालेलं शासकीय महाविद्यालय, जळगाव खुर्दचं डॉ. उल्हास पाटील महाविद्यालय, शिवाय शहरांतली खासगी हाडांची रुग्णालयं, इतक्यांत हे पाच-सहा रुग्ण वाटले जाणार. माझी धरलेली संख्या दुप्पट-तिप्पट केली तरी फरक पडत नाही. एखाद्या सर्जनला असा रुग्ण वर्षाआड दिसेल. रोज दुचाकीवरून पडलेल्या तरुणांच्या मांड्यांत रॉड टाकणारे कसलेले हात इथे आहेत. पण या मोडीत रॉड घालायच्या वाटेवर आधीच स्टेम बसलेला असतो. गुडघ्यातून रॉड वर चढवायचा, तर बसवलेल्या टोपीला मधे भोक आहे की ती बंद आहे, हे वीस वर्षांपूर्वीच्या कागदांत शोधावं लागतं. मग उरते प्लेट.

प्लेटचा इतिहास सांध्याहून जुना आहे. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे आधुनिक खुबा १९६२ मध्ये बसवला. हाडावर धातूची पट्टी स्क्रूने बसवल्याचं वर्णन हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी १८८६ मध्ये लिहिलं, म्हणजे राँटगेन यांना क्ष-किरण सापडण्याच्या नऊ वर्षं आधी. मोड दिसत नव्हती तेव्हा प्लेटा टाकल्या जात होत्या! १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बीलमध्ये तेरा सर्जननी मिळून एओ ही संघटना काढली आणि या कामाला शिस्त आली. २००० च्या सुमारास लॉकिंग प्लेट आली. तिच्या भोकांनाही आटे असतात, त्यामुळे स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच घट्ट होतं आणि विरळ हाडाला प्लेट दाबून धरावी लागत नाही.

स्टेमच्या शेजारी हा शोध फार कामाला येतो. एरवी स्क्रू हाडाच्या एका भिंतीतून शिरून दुसऱ्या भिंतीत जातो. इथे मधे धातूचा स्टेम आहे. मग छोटे लॉकिंग स्क्रू अलीकडच्याच भिंतीत धरतात, किंवा स्टेमला चुकवून तिरपे जातात, आणि जिथे तेही जमत नाही तिथे दीड-दोन मिलिमीटर जाडीची पोलादी केबल हाडाभोवती आवळतात. सिमेंट असेल तर ते न फोडता त्यातून भोक पाडायचं. सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रियेतल्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर हे काम पाहताना आपलाच श्वास अडकतो.

पाच फुटी बाईच्या मांडीचं हाड उंचीच्या साधारण पाव हिश्शाहून थोडं जास्त, म्हणजे चाळीस सेंटिमीटर. त्यावर तीस सेंटिमीटर लांब, सतरा मिलिमीटर रुंद, साडेपाच मिलिमीटर जाड पोलादी प्लेट. भोकं वजा करून हिशेब केला तर वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. एवढ्या धातूने १४४ किलोचे तडाखे घ्यायचे. आणि प्लेट लांब लागते, कारण ती स्टेमच्या टोकाशीच संपली तर दोघांच्या मधल्या उघड्या हाडात पुढची मोड ठरलेली. म्हणून ती स्टेमच्या बाजूने बरीच वरपर्यंत जाते. एकाच पायाचा खुबा आणि गुडघा दोन्ही बदललेले असतील, तर बऱ्याचदा जवळपास अख्खं हाड प्लेटखाली जातं.

मग जाडच प्लेट का टाकत नाहीत? जाडी दुप्पट केली की वाकण्याला विरोध आठ पट होतो. सोपं आहे. पण तसं केलं तर हाड जुळत नाही. मोडीच्या जागी नवं हाड धरायला थोडी हालचाल लागते: अंदाजे दोन दशांश मिलिमीटर ते एक मिलिमीटर. त्याहून कमी हललं तर हाडाला काम नाही, त्याहून जास्त हललं तर कोवळी जुळणी रोज तुटते. १४४ किलो घ्यायचे, आणि दोन-चार पोस्टकार्डांच्या जाडीइतकंच हलायचं. ही अट पुलाच्या इंजिनिअरला घातली तर तो टेंडर भरणार नाही.

ती पाळायची चावी रिकाम्या भोकांत आहे. ऑपरेशननंतर एक्स-रे पाहून नातेवाईक हमखास विचारतात, “डॉक्टर, एवढी भोकं रिकामी का सोडली? स्क्रूचे पैसे तर दिलेत.” २००३ मध्ये श्टोफेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोडीच्या दोन्ही बाजूंचा फक्त एकेक स्क्रू काढला, तर बांधणी जवळजवळ दुप्पट लवचीक होते. त्याच वर्षी गोटिए आणि सोमर यांनी सुचवलं की एकूण भोकांपैकी निम्म्याहून कमीच भरावीत. चौदा भोकांच्या प्लेटमध्ये सहाच स्क्रू म्हणजे काटकसर नव्हे, हिशेब. वाईट निघालेल्या केसेसचे एक्स-रे पाहिले तर उलट चूक जास्त दिसते: सगळी भोकं भरलेली, हाड न जुळलेलं, आणि काही महिन्यांनी प्लेट नेमकी मोडीवरच तुटलेली. लोक म्हणतात प्लेट हलकी होती. प्लेट हलकी नव्हती, तिला हाडाने वेळेवर सुटी दिली नाही.

वेळेचे दोन आकडे आहेत, आणि दोन्ही खान्देशात जाचतात. पहिला ४८ तासांचा. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा १०६ रुग्णांचा अभ्यास केला. वर्षभरात ११ टक्के गेले. साध्या खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये हे प्रमाण १६.५ टक्के होतं, ठरवून केलेल्या सांधेबदलात २.९ टक्के. दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेला दोन दिवसांहून जास्त लागले, त्यांच्यात मृत्यू जास्त. बंद मोडीतही मांडीत एक-दीड लिटर रक्त साचू शकतं. साठ किलोच्या बाईच्या अंगात ते असतंच जेमतेम चार लिटर. म्हणजे रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, हृदयाची तपासणी, शिवाय केबल आणि खास स्क्रूंचा तो सेट, सगळं दोन दिवसांत जमवायचं. वर्षाला पाच-सहांदा लागणारा सेट कुठलंही जिल्ह्याचं रुग्णालय कपाटात भरून ठेवत नाही. तो मोठ्या शहरातल्या वितरकाकडून येतो. धुळे-नाशिक दीडशेच्या वर किलोमीटर, जळगाव-मुंबई चारशेच्या वर. त्यात योजनेच्या मंजुरीचे कागद. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. जळगावला नोव्हेंबर २०१३ उजाडला. पुढे तिलाच महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि संरक्षणाची रक्कम दीड लाखाची पाच लाख झाली. रकमेचा प्रश्न बराच सुटला. तासांचा प्रश्न वेगळाच आहे.

दुसरा आकडा तीन महिन्यांचा, कधी सहाचा. तेवढ्यात हाडाने भार परत घ्यायला हवा. म्हाताऱ्या माणसाने दिवसाला त्या पायाची हजार आवर्तनं केली तर नव्वद दिवसांत नव्वद हजार. प्लेटला हे सोसतं. हाड जुळलंच नाही आणि माणूस नेहमीसारखा हिंडत राहिला, तर वर्षअखेर दहा लाख. तेवढ्यांसाठी ती केलेलीच नाही.

म्हणून घरी जाताना सगळ्यांचा एकच प्रश्न: पाय टेकवायचा कधी? जुनं उत्तर होतं, सहा आठवडे वीस किलोच. फिजिओथेरपिस्ट वजनकाट्यावर पाय ठेवायला लावून वीसवर काटा आला की ‘बस्स’ म्हणतात. पंचाहत्तरीची बाई वॉकर धरून चौथ्या पावलाला तो काटा विसरते. आणि अंथरुणात पडून राहिलं म्हणजे भार शून्य, हेही खरं नाही. बेडपॅनसाठी कंबर उचलली की कमरेचे तेच स्नायू आवळतात आणि खुब्यावर जोर येतोच. पडून राहण्याची वेगळी किंमत असते: पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा, छातीत कफ. त्यामुळे स्टेम घट्ट आणि बांधणी भक्कम असेल, तर आताशा बरेच सर्जन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उभं करतात आणि सोसेल तेवढं टेकवू देतात.